फिटिंग दोनदा, रंग एकदाच

लाकूड कापून झालं आहे. बॉडीला घाट आला आहे, नेक खाचेत नीट बसतो आहे, आणि कुरिअरने आलेला डबा टेबलावर उघडा पडला आहे. त्यात ट्यूनर, ब्रिज, पिकअप, पॉट, जॅक आणि स्क्रूंची पिशवी. घरी इलेक्ट्रिक गिटार करणारा जवळपास प्रत्येक जण इथे येऊन थबकतो. आधी रंग की आधी हे सगळं सामान? रंग आधी दिला तर नंतर ड्रिल चालवताना टवके उडतील. सामान आधी बसवलं तर फवारा त्याच्यावरच बसेल, आणि ज्या कडांना रंगाची सगळ्यात जास्त गरज असते त्या कोरड्या राहतील.

माझ्या मते उत्तर असं की फिटिंग दोनदा करायचं. पहिलं कच्चं, कोऱ्या लाकडावर. सगळी भोकं पाडायची, सगळं सामान बसवायचं, तारा चढवायच्या, वाजवून बघायचं. मग झाडून सगळं उतरवायचं, रंग द्यायचा, तो कडक होऊ द्यायचा आणि तेच सामान त्याच भोकांत दुसऱ्यांदा, पक्कं बसवायचं. घाईत असलेला माणूस पहिली फेरी गाळतो. ब्रिज तीन मिलिमीटर डावीकडे सरकायला हवा होता हे त्याला चकचकीत लॅकरवर ड्रिल टेकवल्यावर कळतं.

खटाव तालुक्यातल्या औंधच्या आसपास राहणाऱ्याला या प्रश्नाचं जुनं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. यमाईच्या डोंगराखालच्या या गावात शिवानंदस्वामींच्या स्मरणार्थ १९४० पासून संगीत महोत्सव भरतो. औंध दरबारचे गायक अंतूबुवा जोशी आणि गाणं नि व्हायोलिन या दोन्हींत वाकबगार असलेले त्यांचे चिरंजीव गजाननबुवा यांच्या घराची ती परंपरा. तिथे गायकाच्या मागे जे तानपुरे झंकारतात त्या जातीच्या वाद्यांचं माहेर मिरज. रहिमतपूर स्टेशनावरून दक्षिणेकडे जाणारी गाडी कराड, किर्लोस्करवाडी, सांगली करत मिरजेला पोचते. वाटेतली किर्लोस्करवाडीसुद्धा औंध संस्थानामुळेच उभी राहिली. बेळगाव सोडावं लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना संस्थानिक पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळची माळाची जमीन दिली आणि १९१० मध्ये तिथे त्यांच्या नांगरांच्या कारखान्याचं बस्तान बसलं. संस्थानाचा मुलूख मुख्यतः आजच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांत तुकड्यातुकड्यांनी पसरलेला होता. त्यामुळे एकाच रेल्वेमार्गावर लोखंडाचे नांगर आणि जवळच लाकडाचे तानपुरे असा शेजार जमून आला.

मिरजेत हा धंदा सुरू झाला एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. हत्यारांना धार लावणारी शिकलगार मंडळी वाद्यांच्या दुरुस्तीतून वाद्य घडवण्याकडे वळली. फरीदसाहेबांचं नाव या परंपरेच्या मुळाशी घेतलं जातं. पुढे ‘सतारमेकर’ हेच आडनाव झालं, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. या मंडळींच्या हातात कामाचा क्रम इतका मुरलेला असतो की तो कुणी बोलून दाखवत नाही. बघणाऱ्याने तो ओळखायचा.

खुंटीचंच बघा. खुंटी निमुळती, भोकही निमुळतं, आणि तार ताणलेली राहते ती या दोघांच्या घर्षणावर. भोकं पाडून, रेमरने चाटून, खुंटी फिरवून बघितली जाते ती वाद्य कोरं असताना. मग खुंट्या बाहेर निघतात, दांडीवरची नक्षी होते, कापडाच्या बोळ्याने लाखेच्या पॉलिशचे हात बसतात. पॉलिश भोकाच्या ओठापर्यंत येतं, आत जात नाही. आत गेलं तर खुंटी घसरेल, तार उतरेल. उलट तिथे खुंटीला खडू लावतात, म्हणजे पकड येते. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधले जातात ते पॉलिश झाल्यावर, कारण बांधलेल्या वस्तूच्या खाली बोळा फिरत नाही. तानपुऱ्याची घोडी तबलीवर येते तीही नंतर, आणि तारांच्या दाबाने उभी राहते. घोडीच्या माथ्याला हलक्या हाताने घासून जवारी काढणं हे सगळ्यात शेवटचं काम. तारा चढल्याशिवाय ते करताच येत नाही.

म्हणजे चार गोष्टी आपोआप वेगळ्या पडल्या. लाकूड कापणारं प्रत्येक काम पॉलिशच्या आधी. जिथे दोन भाग एकमेकांना घट्ट धरणार तिथे पॉलिश नाही. पॉलिशच्या आड येणारी वस्तू नंतर. आणि सुरांशी संबंध असलेलं शेवटचं घासकाम तारा चढल्यावर. इलेक्ट्रिक गिटारचा क्रम याहून वेगळा नाही. फरक एवढाच की इथे धातूचं सामान खूप जास्त, ते स्क्रूने आवळलेलं, आणि रंगाचा थर लाखेपेक्षा जाड.

या वाद्याच्या कारखानदारीतही तोच पेच होता. लिओ फेंडरच्या कॅलिफोर्नियातल्या कारखान्याने १९५० मध्ये सपाट बॉडीची गिटार बाजारात आणली आणि १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर. बॉडी आणि नेक वेगवेगळे रंगवून शेवटी चार स्क्रूंनी जोडायचे ही त्यांची पद्धत. अनेक रंग मोटारींचेच. फवारा मारल्यावर ओली बॉडी टेबलाला चिकटू नये म्हणून तिच्यात लहान खिळे ठोकून ठेवत, आणि ती त्या खिळ्यांच्या पायांवर वाळत असे. खिळे उपटल्यावर उरलेली भोकं प्लास्टिकच्या पिकगार्डखाली दडून जात. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी नेकच्या खाचेत एक लाकडी पट्टी स्क्रूने बसवून बॉडी तिच्यावर धरायला सुरुवात केली. त्या काळच्या गिटारीचा नेक काढला तर खाचेत पट्टीच्या आकाराचं बिनरंगी लाकूड दिसतं. जुन्या गिटारींचे पारखी खरी-खोटी ओळखायला आधी हीच जागा बघतात. घरी काम करणाऱ्यासाठी ही पट्टी फुकटची युक्ती आहे. फूट-दीड फूट लांबीची फळीची पट्टी नेकच्या खाचेत आवळली की बॉडीला मूठ मिळते. हात न लावता चारी बाजूंनी फवारा मारता येतो, वाळवायला तीच पट्टी आढ्याला टांगता येते, आणि खाचेच्या तळाशी रंगाचा थरही जमत नाही.

आता कच्चं फिटिंग. सगळा वेळ इथे घालवावा, असं मला वाटतं.

पहिली गोष्ट बॉडीवर पेन्सिलने मारलेली मध्यरेषा. सुताराचा गुण्या आणि लांब पट्टी घेऊन ती नेकच्या मध्याशी जुळवायची. नंतर नेक खाचेत आवळून दोन बारीक दोरे घ्यायचे. एक पहिल्या तारेच्या जागी, एक सहाव्या तारेच्या. नटपासून, म्हणजे हेडस्टॉकजवळच्या तारांच्या खाचापट्टीपासून, ब्रिजपर्यंत ते ताणले की फ्रेटबोर्डच्या दोन्ही कडांना किती जागा सुटते ते सरळ डोळ्यांना दिसतं. एका बाजूला दोरा कडेवर आला आणि दुसऱ्या बाजूला चार मिलिमीटर मोकळे सुटले, तर ब्रिज सरकवायचा. मध्यरेषा काहीही सांगत असली तरी सरकवायचा. नेक जरा तिरका बसला असेल तर कागदावरच्या रेषेपेक्षा दोरा खरा.

ब्रिज नटपासून किती अंतरावर? नट ते बारावा फ्रेट मोजा आणि दुप्पट करा. फेंडर पद्धतीच्या नेकला हे अंतर साडेपंचवीस इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर येतं. गिब्सन पद्धतीला साधारण ६२८. पण ही झाली हिशेबातली लांबी. तार दाबली की ती थोडी ताणली जाते आणि सूर चढतो. तो चढ भरून काढायला ब्रिजवरची सॅडल, जिच्यावर तार टेकते, ती जरा मागे न्यावी लागते, आणि जाड तारेची जास्त मागे. म्हणून पहिल्या तारेची सॅडल तिच्या स्क्रूवर जवळजवळ पूर्ण पुढे आणायची, ती या हिशेबाच्या रेषेवर ठेवायची, आणि तिथे ब्रिजच्या स्क्रूंच्या खुणा करायच्या. मग सगळ्या सॅडलना मागे सरकायला जागा उरते. जाड तारेची सॅडल शेवटी तीन ते पाच मिलिमीटर मागे जाऊन बसते. या हिशेबात चूक झाली आणि ब्रिज रंगलेल्या बॉडीवर बसला असेल, तर जुनी भोकं लाकडी खुंट्यांनी बुजवून, वर लांबी भरून, रंगाचं काम पुन्हा पहिल्यापासून.

त्याच वेळी एक लांब बारीक भोक पाडून घ्यायचं, ब्रिजच्या खालून पॉटच्या पोकळीपर्यंत. यातून अर्थिंगची वायर जाते. पुष्कळांना ते रंग झाल्यावर, सोल्डरिंगला बसल्यावर आठवतं. पिकअपला विजेची घरघर सगळीकडून ऐकू येत असते. तारा अर्थला जोडलेल्या असल्या आणि वाजवणाऱ्याचा हात तारांवर असला की ती बरीच दबते. याच ठिकाणी एक जोडटीप. तारा अशा रीतीने केबलमधून थेट ॲम्पच्या चेसिसला जोडल्या जातात. आपल्याकडे तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन मोडून तो दोन पिनांच्या बोर्डात खुपसायची सवय आहे, किंवा घरात अर्थिंगचा खड्डाच केलेला नसतो. अशा घरात तारांना हात लावला की मुंग्या येतात. दोष गिटारचा नसतो, पण झटका वाजवणाऱ्यालाच बसतो. गिटार जोडण्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घेतलेलं बरं.

भोकांचे आकार ठरवताना हातातल्या सामानालाच मोजावं. बहुतेक बंद ट्यूनरना १० मिलिमीटरचं भोक लागतं, जुन्या धाटणीच्यांना त्याहून कमी. मोठ्या पॉटच्या बुशला ९.५, छोट्यांना ७ किंवा ८. खांबांवर उभ्या राहणाऱ्या ब्रिजचे बुश साधारण ११. व्हर्निअर कॅलिपर हाताशी नसेल तर टाकाऊ फळीवर भोक पाडून सामान त्यात घालून बघायचं. प्रत्येक मोठ्या भोकाच्या कडेला काउंटरसिंकने हलका कोन मारून ठेवावा. केसभर कोन पुरतो. सरळ धारदार कडेवर लॅकरचा थर पातळ राहतो, आणि पुढे बुश आत दाबताना तीच कड रंगाची कपची उचलते. कोन मारलेला असला की रंग त्या उतारावरून आत वळतो आणि बुश त्याला ढकलत नाही.

मग तारा. कोऱ्या लाकडावर निदान दोन बाहेरच्या तारा चढवाव्यात. सहाही चढवल्या तर उत्तम. दहा नंबरच्या तारांचा नेहमीचा सेट सुरात आणला की सहा तारांचा मिळून ताण पंचेचाळीस किलोच्या आसपास जातो. हा भार आल्यावर नेक किती वाकतो, खाच कुठे ढिली आहे, तारेची उंची सॅडलच्या आवाक्यात राहते का, पिकअप तारांच्या बरोबर खाली येतो का, हे सगळं एका संध्याकाळी कळतं. नेक किंचित मागे कलवायचा असेल तर खाचेत पटाशी आत्ताच चालवता येते. हेडस्टॉकवर ट्यूनर एकमेकांना धडकतात का, मनगट बॉडीच्या कडेला टोचतं का, हेही आत्ताच. टोचत असेल तर कानस आणि पॉलिश पेपर घेऊन ती कड खाली आणायची. कोऱ्या गिटारवर दोन-चार दिवस खुशाल वाजवावं. घामाचे आणि बोटांचे डाग मात्र लाकडात जिरण्याआधी घासून काढावेत.

उतरवताना एकच गोष्ट हटवादीपणा करते, ती म्हणजे ब्रिजचे दाबून बसवलेले बुश. पक्कड लावून ओढले तर कडेचं लाकूड चिरडतं. त्यापेक्षा बुशच्या तळाशी एक छोटा स्क्रू किंवा खिळ्याचा तुकडा टाकायचा आणि वरून ब्रिजचाच खांब आत फिरवत जायचं. खांब तळाच्या तुकड्यावर टेकला की पुढे जागा नसते, आणि फिरवत राहिलं की बुश स्वतःच वर चढून येतो. उतरवलेलं प्रत्येक सामान आणि त्याचे स्क्रू वेगवेगळ्या पुड्यांत, वर नाव घालून. स्क्रू दिसायला सारखे असले तरी दीड-दोन मिलिमीटरनी लांब-आखूड असतात, आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर पलीकडून बाहेर येतो.

इथपर्यंत कारागिरांत फारसा मतभेद नाही. वाद होतो तो बारीक स्क्रूंच्या भोकांवरून: पिकगार्डचे, जॅकच्या पट्टीचे, पट्टा अडकवायच्या बटणांचे, ट्यूनरच्या मागचे. एक पक्ष म्हणतो, तीही आधीच पाडा, म्हणजे रंगाला ड्रिल लागणार नाही. दुसरा म्हणतो, आधी पाडली तर घासकामाच्या वेळी पाणी त्यांतून आत जातं. दोघांचंही खरं आहे. लॅकर आरशासारखं करायला हजारपासून दोन हजार नंबरपर्यंतचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासतात. एखादं बारीक भोक उघडं असलं की ते पाणी पितं. आतलं लाकूड फुगतं, आणि भोकाभोवती रंगाला गोल चिरा पडतात किंवा तो उचलला जातो. चीर एकदा पडली की बुजत नाही. मी मोठी भोकं आणि ब्रिजची भोकं आधी पाडण्याच्या बाजूचा आहे. बारीक भोकंही आधीच पाडावीत, पण घासताना प्रत्येकात मेणाचा ठिपका भरावा, किंवा पाण्याऐवजी रंगाच्या दुकानात मिळणारं मिनरल टर्पेंटाइन वापरावं. त्याने लाकूड फुगत नाही. पिकगार्डसारखं जे सामान आठ-दहा स्क्रूंनी वरवर बसतं, त्याची भोकं नंतर पाडली तरी बिघडत नाही. तेव्हा जागेवर मास्किंग टेप लावावी, खूण करावी, ड्रिल आधी उलटं फिरवून बिटच्या धारेने रंगाचा थर तेवढाच गोल कापून घ्यावा, आणि मग सुलटं फिरवून लाकडात उतरावं. थेट सुलटं सुरू केलं तर बिट रंगाला पकडून उचकटतो.

रंगाआधी झाकायच्या जागा मोजक्या आहेत, पण एकही चुकवून चालत नाही. नेकची खाच, आणि नेकचा तिच्यात जाणारा भाग. रंगाचा थर भिंतींना दोन्हीकडून चढला की मघाशी नेमका बसणारा नेक आता अडतो, आणि तो दाबून घातला तर खाचेच्या कोपऱ्यातून रंगाला चीर जाते. नटची चीर. बोर्ड शिसवीचा असेल तर तो पूर्ण टेपने झाकायचा, कारण त्याला लॅकर लागत नाही, तेलाचं बोट पुरतं. बोर्ड मेपलचा असेल तर गोष्ट उलटी. मेपल लगेच मळतो, म्हणून त्याला रंग हवाच. पन्नासच्या दशकातल्या फेंडर गिटारींत फ्रेट आधी ठोकून त्यांच्यावरूनच लॅकर मारलेला असे. फ्रेटच्या माथ्यावरचा थर नंतर खरवडून काढला की काम झालं. घरी हाच मार्ग सोपा. रंगलेल्या बोर्डावर फ्रेट ठोकताना चिरांच्या कडेला रंगाच्या कपच्या निघण्याचा धोका टळतो.

रंग कोणता? गावातल्या पॉलिशवाल्याकडे साधारण तीन पर्याय मिळतात. लाखेचं पॉलिश, एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर आणि दोन डब्यांचं पीयू (पॉलियुरेथिन). लाख सोपी, वास सुसह्य, ओरखडा पडला तर त्याच लाखेने बुजते, पण घामाने आणि दारूच्या थेंबाने खराब होते. एनसी पातळ बसतो, घासून चकाकी छान येते. पीयू जाड आणि टणक, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसांना चांगलंच घातक, आणि तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अजिबात अडवत नाही. योग्य मास्क आणि मोकळी हवा नसेल तर पीयूचा फवारा घरी मारूच नये. फर्निचरवाल्याच्या शेडमध्ये मारून घ्यावा. एनसीला वेगळाच धोका. त्याचं थिनर पेट घेतं, तेव्हा शेगडी, बिडी, देव्हाऱ्यातलं निरांजनसुद्धा त्या खोलीत नको.

लाकडाचाही विचार करायला हवा. आपल्याकडे हाताशी सागवान असतं. ते देखणं, टिकाऊ, पण तेलकट, आणि त्या तेलावर लॅकर नीट धरत नाही. आधी थिनरच्या फडक्याने पुसून लाखेचा एक पातळ हात दिला तर मधला थर तेलाला अडवतो. मिरजेच्या वाद्यांत चालणारं तून लाकूड इलेक्ट्रिक गिटारलाही शोभेल. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात तून आणि महोगनी एकाच कुळातले, आणि गिब्सनच्या लेस पॉल गिटारीची बॉडी मुख्यतः महोगनीचीच. वजनाला हलकं, रंध्यानेही सहज उतरतं. मात्र तंतूंची छिद्रं उघडी असतात, म्हणून सीलरआधी लांबी भरून घासावी लागते.

हवामानाच्या बाबतीत खटाव तालुका नशीबवान आहे. पर्जन्यछाया शेतकऱ्याला नडते, पण लॅकर मारणाऱ्याच्या ती पथ्यावर पडते. एनसीचं थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो. हवेत दमटपणा असला की त्या गार पृष्ठभागावर बाष्प जमतं आणि रंगावर पांढरट झाक धरते. महाबळेश्वर-पाटणकडे जुलैत हे हमखास होईल. औंधला दिवाळीनंतरची सकाळ धरली तर झाक येत नाही. इथला त्रास निराळा: दुपारी माळावरचा वारा सुटला की धूळ उठते आणि ओल्या रंगावर येऊन बसते. म्हणून फवारा सकाळी लवकर, खोलीत जमिनीवर पाणी शिंपडून.

वाळणं आणि कडक होणं यांत लोक गल्लत करतात. एनसी तासाभरात हाताला लागेनासा होतो, पण आतलं थिनर निघून जायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर थर आक्रसत असतो. कालपर्यंत सपाट असलेल्या रंगातून लाकडाच्या रेषा पुन्हा वर येताना दिसतात, त्या याच कारणाने. या काळात ट्यूनर आवळला तर वॉशरचा ठसा कायमचा उमटतो. परीक्षा सोपी आहे. नाक बॉडीच्या अगदी जवळ न्यायचं. थिनरचा वास येतोय तोवर पान्याला हात लावायचा नाही. पीयू रासायनिक क्रियेने घट्ट होतं, त्याला साधारण आठवडा पुरतो. लाखेला त्या मानाने थोडे दिवस. एनसीवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: हा रंग रबराशी जमवून घेत नाही. कडक झाल्यानंतरही स्टँडच्या रबरी हातांवर गिटार महिनोन् महिने ठेवली तर तिथे रंग मऊ होऊन चिकटतो. स्टँडला सुती कापड गुंडाळावं.

पक्क्या फिटिंगचा क्रम पोटातून बाहेर जातो. आधी पोकळ्यांत तांब्याची पट्टी चिकटवायची, तिचे सांधे सोल्डरने जोडायचे. पॉट, स्विच, कॅपॅसिटर यांचं सोल्डरिंग बॉडीबाहेर करावं. पुठ्ठ्यावर त्याच अंतरांची भोकं पाडून पॉट त्यात अडकवले की हात मोकळे राहतात. तापलेल्या सोल्डरचा एक थेंब महिनाभराच्या कामावर पडला तर त्याला उपाय नाही. एक कॉइल असलेल्या पिकअपला २५० किलोओहमचे पॉट, दोन कॉइलवाल्याला ५००, हा प्रघात. सगळं जोडलेलं जंजाळ मग पोकळीत उतरवून पॉटचे नट आवळायचे. पान्याखाली कागदाचा किंवा प्लास्टिकचा वॉशर असावा.

भोकं रंगामुळे अरुंद झालेली असतात. भोकाच्या भिंतीवर पाव मिलिमीटर थर चढला तर दहाचं भोक साडेनऊ होतं. ट्यूनर ठोकून आत घालू नये. गोल कानस किंवा हातरेमर घेऊन भोकातला रंग तेवढा चाटून काढावा, वरच्या कडेपासून आत जाताना, बाहेर येताना नाही. स्क्रूंना मेणबत्ती किंवा साबण घासून घ्यावा. सामानाबरोबर येणारे मुलामा दिलेले स्क्रू मऊ असतात आणि सागासारख्या लाकडात अर्ध्यावरच डोकं मोडतं. आधी त्याच मापाचा साधा लोखंडी स्क्रू फिरवून आटे पाडून घेतले की चकचकीत स्क्रू बिनबोभाट जातो. ब्रिजचे बुश हातोडीने ठोकण्यापेक्षा क्लॅम्पने दाबावेत, वर लाकडाचा तुकडा ठेवून. अर्थिंगच्या वायरचं टोक त्याआधी भोकात उभं करून ठेवायला विसरू नये.

नेक आवळला, ब्रिज बसला, पिकअप जागेवर गेले की नट. नट शेवटी, कारण त्याच्या खाचा तारेच्या जाडीप्रमाणे कानसायच्या असतात. तो गोंदाच्या एका ठिपक्यावर धरून ठेवावा. उद्या काढायचा झाला तर हेडस्टॉकचा रंग घेऊन निघायला नको. खाच किती खोल हे बघायला तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटवर पाहायचं. तार आणि फ्रेट यांच्यात कागदाच्या जाडीएवढी फट दिसली की कानस थांबवावी. फ्रेटची पातळी शेवटची पाहायची तीही तारा चढून नेक दोन-चार दिवस त्या ताणाखाली राहिल्यावर, कारण कोऱ्या अवस्थेतल्या नेकपेक्षा रंगलेला नेक थोडा वेगळा वाकतो. घासायची वेळ आली तर फ्रेटच्या मधल्या पट्ट्यांवर टेप लावायची, आणि बॉडीवर जुनी चादर.

सॅडल सुरात आणायचं काम त्याहीनंतर. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि तिथेच हलकं बोट टेकवून मिळणारा सूर एकाच पट्टीत यायला हवेत. दाबलेला चढा वाटला तर सॅडल मागे, उतरलेला वाटला तर पुढे. नव्या तारा पहिले काही दिवस उतरत राहतात, म्हणून हे आठवड्याने एकदा पुन्हा करावं, आणि पोकळीच्या झाकणाचे सगळे स्क्रू तोवर आवळून टाकू नयेत. दोन पुरेत.